अकरावीची विषयनिवड : गणित, जीवशास्त्र आणि एकच तास

दहावीचा निकाल लागला, की काही दिवस घरोघरी टक्केवारीची चर्चा रंगते. ती ओसरते न ओसरते तोच दुसरा प्रश्न उभा राहतो. विज्ञान शाखा घ्यावयाची, हे पुष्कळ घरांत आधीच ठरलेले असते. गणित ठेवावे की जीवशास्त्र, की दोन्ही, आणि इलेक्ट्रॉनिक्स वा संगणकशास्त्र घ्यावयाचे झाल्यास त्यासाठी कशावर पाणी सोडावे, हे मात्र ठरलेले नसते. शहरातील पालक याचे उत्तर समुपदेशकाकडे, नात्यातील एखाद्या अभियंत्याकडे किंवा क्लासच्या माहितीपत्रकात शोधतात. प्रत्यक्षात उत्तराचा मोठा भाग महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर लागलेल्या वेळापत्रकात दडलेला असतो आणि तेथपर्यंत फारसे कोणी पोहोचत नाही.

वेळापत्रकाचे हे महत्त्व समजून घेण्यासाठी मुंबई-पुण्यापेक्षा हिंगोली जिल्ह्यातील नरसी नामदेव हे गाव अधिक उपयोगी ठरते. कयाधू नदीकाठचे हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट असल्यामुळे पंजाबातील भाविकही येथे येतात. आषाढी वारीहून परतलेले वारकरी आषाढ वद्य एकादशीला येथे परतवारीसाठी जमतात आणि साधारणत: त्याच सुमारास अकरावीच्या प्रवेशाच्या फेऱ्याही चालू असतात. हिंगोली शहर येथून एसटीने जाऊन-येऊन करण्याच्या अंतरावर आहे. नांदेड आणि लातूर मात्र बिऱ्हाड हलवण्याच्या अंतरावर. दोन विषयांचे तास एकाच वेळी येत असतील तर शहरातला विद्यार्थी महाविद्यालय बदलतो. नरसीच्या विद्यार्थ्याला विषय तरी सोडावा लागतो, नाही तर गाव.

सहा विषय, सहाशे गुण

राज्य मंडळाच्या बारावीत सहा विषय आणि ६०० गुण असतात. इंग्रजी सक्तीची. दुसरा विषय भाषेचा. त्याऐवजी अनेक ठिकाणी माहिती तंत्रज्ञान घेतले जाते. उरलेले चार विषय म्हणजे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित व जीवशास्त्र घेतले, की सहाचा हिशेब पुरा होतो. विद्यार्थ्यांच्या बोलीतील ‘पीसीएमबी’ तो हाच. म्हणजे गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवणे हे राज्य मंडळाच्या रचनेत काही जादा ओझे नाही. ती या चौकटीत सहज बसणारी मांडणी आहे. उलट दोहोंपैकी एक सोडला, तर त्या जागी भूगोलासारखा दुसरा विषय घ्यावा लागतो. ‘जीवशास्त्र सोडले म्हणजे एक विषय कमी झाला’, ही समजूत म्हणूनच चुकीची आहे. विषय कमी होत नाही, बदलतो.

खरा पेच द्विलक्ष्यी अभ्यासक्रमाने निर्माण होतो. संगणकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, विद्युत उपकरणांची देखभाल, पीकशास्त्र, पशुशास्त्र व दुग्धव्यवसाय असे हे व्यावसायिक विषय असून त्यांना २०० गुण आहेत. हे दोनशे गुण दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय या दोहोंची जागा घेतात. त्यामुळे द्विलक्ष्यी विषय घेणाऱ्यास गणित आणि जीवशास्त्र यांपैकी एकच ठेवता येते. यांतील निम्मे गुण प्रात्यक्षिकांचे असल्याने बारावीची टक्केवारी फुगते, हे या विषयांच्या लोकप्रियतेचे एक कारण आहे. अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र किंवा वैद्यकीय शाखांच्या प्रवेशात आता प्रवेश परीक्षेतील गुण निर्णायक असतात. फुगलेली टक्केवारी तेथे उपयोगी पडत नाही. वैद्यकीयसाठी खुल्या प्रवर्गाला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र मिळून ५० टक्के आणि आरक्षित प्रवर्गाला ४० टक्के, एवढी बारावीची पात्रता असते. त्यापुढचे सारे ‘नीट’वर.

आता वेळापत्रकाकडे वळू. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र यांचे प्रत्येकी ७० गुण लेखी आणि ३० गुण प्रात्यक्षिकांचे. गणिताचे ८० आणि २०. प्रात्यक्षिकांसाठी वर्गाचे गट पाडले जातात, कारण एका प्रयोगशाळेत सगळी तुकडी मावत नाही. एक गट जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत असतो, तेव्हा दुसरा इलेक्ट्रॉनिक्सच्या. जे विषय एकाच विद्यार्थ्याने घ्यावयाचे नसतात, ते समोरासमोर ठेवले की खोल्या आणि शिक्षक दोन्ही वाचतात. वेळापत्रक करणाऱ्या पर्यवेक्षकाच्या दृष्टीने हा संघर्ष नसून सोय असते. मोठ्या महाविद्यालयात एका विषयाच्या तीन-चार तुकड्या असल्याने एकीकडे अडलेला तास दुसरीकडे मिळू शकतो. लहान महाविद्यालयात प्रत्येक विषयाचा एकच शिक्षक आणि एकच तुकडी. तेथे भूगोल आणि गणित एकाच तासाला असतील, तर ते वर्षभर एकाच तासाला असतात. माहिती तंत्रज्ञान शिकवण्यास शिक्षक नसेल, तर कागदोपत्री तो पर्याय असूनही नसतो.

यात आणखी एक गोष्ट भर घालते. २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापासून अकरावीचे केंद्रीय ऑनलाइन प्रवेश संपूर्ण राज्यात लागू झाले. तत्पूर्वी ही पद्धत मुंबई महानगर, पुणे व पिंपरी-चिंचवड, नागपूर, नाशिक आणि अमरावती एवढ्याच क्षेत्रांत होती. आता नरसीचा विद्यार्थीही दहा पसंतिक्रम भरू शकतो आणि त्यात नांदेड किंवा लातूरची महाविद्यालये घालू शकतो. तथापि अर्जात निवडली जाते ती शाखा आणि महाविद्यालय. विषयगट प्रत्यक्ष प्रवेश घेताना नक्की होतो. म्हणजे जागा आधी मिळते आणि कोणते दोन विषय एकत्र जमणार नाहीत, हे नंतर कळते. पसंतिक्रम भरण्यापूर्वी महाविद्यालयात जाऊन गेल्या वर्षीचे वेळापत्रक पाहणे हा यावरचा साधा उपाय आहे आणि तो सहसा कोणी करीत नाही.

दोन्ही दरवाजे उघडे ठेवण्याची किंमत

मागच्या पिढीतील पालक ‘दोन्ही विषय ठेव, पुढे बघू’ असे सांगतात. त्यांच्या काळात तो सल्ला शहाणपणाचा होता. १९९० च्या दशकाच्या बहुतेक भागात राज्यातील वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेश बारावीच्या गुणांवर होत. भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र समान. त्यात जीवशास्त्राचे गुण मिळवले की वैद्यकीयची यादी, गणिताचे मिळवले की अभियांत्रिकीची. एकच अभ्यास, एकच परीक्षा आणि दोन दरवाजे. ‘लातूर पॅटर्न’ नावारूपाला आला तो याच काळात. राजर्षी शाहू महाविद्यालय आणि दयानंद विज्ञान महाविद्यालय यांच्या नावाभोवती उभी राहिलेली ती पद्धत प्रामुख्याने मंडळाच्या परीक्षेतील गुणांसाठीच्या काटेकोर सरावाची होती.

१९९९ मध्ये वैद्यकीय प्रवेशासाठी राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा आली; पुढील काही वर्षांत अभियांत्रिकीसाठीही ती लागू झाली. तरीही अभ्यासक्रम राज्य मंडळाचाच असल्याने दोन्हींची तयारी एका पुस्तकावर होत असे. चित्र पालटले ते पुढच्या दशकात. २०१४ व २०१५ या दोन वर्षी राज्याने अभियांत्रिकीसाठी ‘जेईई मेन’ ग्राह्य धरली आणि २०१६ पासून पुन्हा ‘एमएचटी-सीईटी’कडे मोर्चा वळवला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीयसाठी ‘नीट’ अनिवार्य केली. अध्यादेशामुळे त्या वर्षी राज्याच्या कोट्यातील जागांना सवलत मिळाली आणि २०१७ पासून वैद्यकीयची वाट केवळ ‘नीट’मधून जाऊ लागली.

आज ‘नीट’मध्ये ७२० पैकी ३६० गुण एकट्या जीवशास्त्राचे आहेत. १८० प्रश्न, १८० मिनिटे आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. ‘एमएचटी-सीईटी’च्या गणित गटात २०० पैकी १०० गुण गणिताचे, जीवशास्त्र गटात तेवढेच जीवशास्त्राचे, येथे चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत आणि सुमारे ८० टक्के भर बारावीवर, २० टक्के अकरावीवर असतो. दोन परीक्षांची तऱ्हाच वेगळी आहे. एकीत अचूकतेची शिस्त लागते, दुसरीत वेगाची. ‘पीसीएमबी’ ठेवणाऱ्याला महाविद्यालयात जादा तास पडत नाहीत. पण संध्याकाळच्या अभ्यासात दोन वेगळ्या प्रश्नसंचांची भर पडते. दोन्ही दरवाजे उघडे ठेवण्याची फी पूर्वी नगण्य होती. आता ती दोन वर्षांच्या संध्याकाळींनी चुकवावी लागते.

म्हणून ‘दोन्ही ठेव’ हा सल्ला आज सरसकट देता येत नाही. दोन्ही ठेवणे सोपे कोणाला? जो एकच प्रवेश परीक्षा मनापासून देणार आहे आणि चौथा विषय केवळ मंडळापुरता करणार आहे त्याला, किंवा ज्याला मूलभूत विज्ञानाकडे जायचे आहे त्याला. ‘आयसर’ संस्थांच्या अभिरुची चाचणीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र यांचे प्रत्येकी १५, असे ६० प्रश्न असतात. तेथे चारही विषय समान तोलाचे आहेत आणि एक सोडलेल्याचे नुकसान उघड आहे. ‘नीट’ आणि ‘जेईई’ दोन्ही गंभीरपणे देऊ पाहणाऱ्यांची दमछाक मात्र अकरावीच्या दिवाळीपर्यंत दिसू लागते.

कोणता दरवाजा परत उघडतो?

एक विषय सोडावाच लागणार असेल, तर आवडीबरोबरच आणखी एक कसोटी लावायला हवी. आज सोडलेला विषय पुढे परत मिळवता येतो का?

जीवशास्त्राच्या बाबतीत याचे उत्तर अलीकडे बदलले आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये काढलेल्या जाहीर सूचनेनुसार, बारावी झाल्यानंतर जीवशास्त्र वा जैवतंत्रज्ञान हा अतिरिक्त विषय म्हणून मान्यताप्राप्त मंडळातून उत्तीर्ण होणारे विद्यार्थीही २०२४ च्या ‘नीट’पासून पात्र ठरले. त्यापूर्वी अकरावी-बारावीत सलग दोन वर्षे नियमित अभ्यास आणि प्रात्यक्षिके केली नसतील, तर हा मार्ग बंद मानला जाई. गणित गटातून बारावी झालेल्या आणि नंतर मन बदललेल्या विद्यार्थ्याला आता राज्य मंडळाच्या ‘तुरळक विषय’ योजनेतून किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून जीवशास्त्र देता येते. मंडळाच्या अर्जावरील ‘तुरळक विषय’ हा रकाना बहुतेकांच्या नजरेतून निसटतो.

गणितही याच वाटेने पुन्हा देता येते. नियमाची आडकाठी नाही. आडकाठी विषयाच्या स्वभावाची आहे. जीवशास्त्रातील पेशीरचना आणि वनस्पतींचे वर्गीकरण ही प्रकरणे बऱ्याच अंशी सुटी सुटी वाचता येतात. अकरावीतील त्रिकोणमिती, मर्यादा आणि फलने सुटली, तर बारावीतील विकलन आणि संकलन यांना आधारच राहत नाही. दोन वर्षे गणितापासून दूर राहिलेल्याने ते एकट्याने भरून काढणे दुर्मीळ. यामुळे मुलाचा कल खरोखर अनिश्चित असेल आणि एकच विषय ठेवणे भाग असेल, तर गणित ठेवण्याच्या बाजूने पारडे झुकते. वैद्यकीयचा निश्चय झालेल्या विद्यार्थ्याला हा युक्तिवाद लागू नाही. त्याने गणितासाठी रात्री जागवण्यात अर्थ नाही.

बारावीनंतरचे पुष्कळसे अभ्यासक्रम या वादाच्या बाहेर आहेत, हेही सांगितले पाहिजे. औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीला भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राबरोबर गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी कोणतेही चालते. कृषी पदवीचेही तसेच. वास्तुशास्त्र, संख्याशास्त्र, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतील नौदल व हवाई दलाचे प्रवेश यांना मात्र गणिताशिवाय भागलेले नाही. परिचर्या, पशुवैद्यक, भौतिकोपचार, आयुर्वेद व होमिओपॅथी यांना जीवशास्त्र हवे. २०२१ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने अभियांत्रिकीच्या पात्रतेसाठी चौदा विषयांची यादी देऊन त्यांतील कोणतेही तीन चालतील, असे सुचवले तेव्हा बराच गदारोळ झाला होता. त्या बातमीच्या भरवशावर गणित सोडणे धाडसाचे होते आणि आजही आहे. कारण पात्रता मिळाली तरी पहिल्या सत्राचा गणिताचा पेपर टळत नाही. जीवशास्त्र गटाच्या विद्यार्थ्याला तंत्रशिक्षण हवेच असेल, तर तंत्रनिकेतनातील पदविका आणि तेथून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश ही जुनी, संथ, पण खात्रीची वाट आहे.

एसटी, प्रयोगशाळा आणि नांदेडची खोली

नरसीसारख्या गावातून हा सगळा हिशेब वेगळ्या एककात मांडावा लागतो. तेथे तासाला एसटीची वेळ बांधलेली असते. व्याख्याने सकाळी आणि प्रात्यक्षिकांचा गट दुपारी आला, तर मधले दोन तास स्थानकावर जातात. गट शेवटच्या तासाला लागला, तर परतीची गाडी हुकते. चार शास्त्र विषय म्हणजे प्रात्यक्षिकांचे अधिक दिवस आणि तितक्याच उशिराच्या फेऱ्या. बारावीपर्यंतच्या ग्रामीण विद्यार्थिनींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा मोफत पास मिळतो, त्यामुळे खर्चाचा भार हलका होतो. उशिरा घरी परतण्याची काळजी पास घालवू शकत नाही. मुलींच्या बाबतीत ‘प्रात्यक्षिके कमी असलेला गट घे’ असा सल्ला घरातून येतो, तो या काळजीपोटी. तो विषयाबद्दलचा सल्ला नसतो. पुढे अनेक वर्षांनी ‘तिला विज्ञानात रस नव्हता’ अशी त्याची नोंद घरच्यांच्या स्मरणात उरते.

भाषेचा अडसरही आहे. दहावीपर्यंत मराठी किंवा सेमी इंग्रजी माध्यम, अकरावीला विज्ञानाचे अध्यापन इंग्रजीतून. ‘नीट’ २०१७ पासून मराठीतही देता येते. ‘एमएचटी-सीईटी’त भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र यांचे प्रश्न मराठीत उपलब्ध असतात, गणिताचे मात्र केवळ इंग्रजीत. गणितात भाषा लागतेच किती, असे शहरी वाचकाला वाटेल. संभाव्यतेवरील एखादा शाब्दिक प्रश्न सोडवताना दर प्रश्नामागे खर्ची पडणारी काही सेकंदे मोजली, म्हणजे ती किती लागते ते कळते. सेमी इंग्रजीतील मुलाने गणित सोडावे, असा याचा अर्थ नव्हे. इंग्रजी परिभाषेची तयारी त्याने अकरावीच्या पहिल्या महिन्यातच सुरू करावी, एवढाच.

पर्याय म्हणून अनेक कुटुंबे मुलाला नांदेड किंवा लातूरला ठेवतात. खोली, खानावळ आणि क्लास यांचा खर्च बटाईच्या किंवा चार-पाच एकरांच्या शेतीतून निघणे कठीण असते. तरीही तो केला जातो. हिंगोली जिल्हा छत्रपती संभाजीनगर विभागीय मंडळात, तर नांदेड व लातूर हे लातूर विभागीय मंडळात येतात. तेव्हा मध्येच परत यावे लागले, तर बदलीच्या कागदपत्रांत विभागही बदलतो. काही जण प्रवेश गावाजवळच्या महाविद्यालयात आणि मुक्काम क्लासच्या गावी, अशी तडजोड करतात. वेळापत्रकाच्या पेचावर काढलेला हा सर्वांत महागडा तोडगा म्हणावा लागेल. हजेरी कागदावर लागते, प्रयोगवही वर्षाच्या शेवटी एका आठवड्यात पुरी होते आणि भिंग वा ब्युरेट हातात न धरता मुलगा अभियंता वा डॉक्टर होण्याच्या रांगेत उभा राहतो. याला आळा घालण्यासाठी २०१८ मध्ये राज्य शासनाने मोठ्या शहरांतील विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांना बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली होती. यंत्र हजेरी मोजते. शिकवण्यास शिक्षक आहे किंवा नाही, हे ते मोजत नाही.

येथे परदेशातील एक पद्धत पाहण्यासारखी आहे. अमेरिकेतील मराठी कुटुंबांनाही याच वयात असाच पेच पडतो. तेथील शाळांत ‘एपी’ नावाने ओळखले जाणारे प्रगत वर्ग असतात. मे महिन्यात त्यांची परीक्षा होते आणि १ ते ५ असे गुणांकन मिळते. लहान शाळेत एपी भौतिकशास्त्र आणि एपी जीवशास्त्र यांची एकेकच तुकडी असली व दोन्ही एकाच तासाला आली, की तेथेही एक सोडावा लागतो. परंतु तेथील महाविद्यालयांकडे अर्जासोबत शाळेची माहिती देणारा एक तक्ता जातो. कोणते प्रगत वर्ग त्या शाळेत उपलब्ध होते, ते त्यात नमूद असते आणि विद्यार्थ्याने काय घेतले याचा विचार त्या पार्श्वभूमीवर केला जातो. आपल्याकडील गुणवत्ता यादीत असा रकाना नाही. ‘नीट’च्या यादीत नरसीचा विद्यार्थी आणि पुण्याचा विद्यार्थी यांच्यापुढे केवळ क्रमांक असतो. वैद्यकीय प्रवेशातील ७०:३० हा प्रादेशिक कोटा स्थानिकांना ७० टक्के जागा देत असे. पण मराठवाड्यात महाविद्यालयेच कमी असल्याने येथील विद्यार्थ्यांना तो अन्यायकारक वाटे. सप्टेंबर २०२० मध्ये तो रद्द झाला. २०२४ मध्ये हिंगोलीत शंभर जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. महाविद्यालय आता जिल्ह्यात आहे. तेथील जागेसाठीची स्पर्धा राज्याची आहे.

पीकशास्त्र आणि मराठी

शहरी वाचकाला ठाऊक नसलेला, पण या भागात अर्थपूर्ण असलेला पर्याय म्हणजे पीकशास्त्राचा द्विलक्ष्यी अभ्यासक्रम. १९७२ मध्ये स्थापन झालेले परभणीचे कृषी विद्यापीठ (आजचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ) शेजारच्याच जिल्ह्यात आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून हळद संशोधन केंद्रही वसमतलाच आहे. कृषी पदवीचे ध्येय निश्चित असणाऱ्याने पीकशास्त्र घेऊन दुसरी भाषा व एक ऐच्छिक विषय सोडला, तर त्यात तर्क आहे. केवळ प्रात्यक्षिकांच्या गुणांसाठी तो घेतला आणि बारावीत मन बदलले, तर सोडलेले गणित किंवा जीवशास्त्र आड येते.

वेळापत्रकातील भांडणात सर्वांत आधी बळी जातो तो मराठीचा तास. मराठी सक्तीचा २०२० चा कायदा दहावीपर्यंतच लागू आहे; अकरावीला मराठी सोडून माहिती तंत्रज्ञान घेण्यास कोणतीही आडकाठी नाही आणि गुणांच्या दृष्टीने तो व्यवहार फायद्याचा ठरतो. नामदेवांच्या गावातही तो तसाच केला जातो, यात विद्यार्थ्याला दोष देता येणार नाही. एवढेच पाहावे, की माहिती तंत्रज्ञानाची ८० गुणांची परीक्षा संगणकावर होते. ज्या महाविद्यालयात संगणक कक्ष नावापुरता आहे, तेथे मराठी सोडून हाती फारसे काही लागत नाही.

प्रवेशाच्या दिवशी

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला, वाणिज्य आणि विज्ञान यांच्यामधील भिंती पाडण्याचे सुचवले आहे. भौतिकशास्त्राबरोबर इतिहास किंवा संगीत घेता यावे, अशी ती कल्पना आहे. शिक्षक आणि खोल्या वाढल्याखेरीज लहान महाविद्यालयात त्याचा परिणाम उलटा होण्याचा संभव आहे. पर्याय जितके अधिक, तितके एकाच तासाला येणारे विषय अधिक. हिंगोली जिल्ह्यातच औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभी राहत असून २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांच्या या यंत्रणेला भौतिकशास्त्र, गणित, इलेक्ट्रॉनिक्स यांतील माणसे लागणार आहेत. त्यांतली काही याच जिल्ह्यातील असावीत, तर इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारी प्रयोगशाळा आणि तिचा तास एसटीच्या वेळेत बसणे आवश्यक आहे.

तोवर प्रवेश घेताना काही गोष्टी विचारून घेणे हिताचे. गणित आणि जीवशास्त्र यांचे तास आणि प्रात्यक्षिकांचे गट स्वतंत्र आहेत का? द्विलक्ष्यी विषयाला पूर्णवेळ शिक्षक आहे का? गेल्या वर्षी चार शास्त्र विषय घेतलेले किती विद्यार्थी बारावीपर्यंत टिकले? विषय बदलण्याची मुदत केव्हापर्यंत आहे, हेही विचारावे. अकरावीच्या आरंभी बदल महाविद्यालयाच्या पातळीवर होतो, बारावीत गेल्यावर त्यासाठी विभागीय मंडळाची परवानगी लागते.

परीक्षेच्या तारखांचाही पेच असतो. २०२५ मध्ये बारावीची प्रात्यक्षिके २४ जानेवारीपासून होती आणि ‘जेईई मेन’चे पहिले सत्र त्याच सुमारास २२ ते ३० जानेवारी या काळात पार पडले. अशा वेळी मंडळाची ‘आउट ऑफ टर्न’ परीक्षेची सोय असते; म्हणजे हुकलेले प्रात्यक्षिक नंतरच्या ठरलेल्या दिवशी देता येते. त्यासाठी प्रवेशपत्राची प्रत जोडून महाविद्यालयाकडे वेळेत अर्ज करावा लागतो. परीक्षा केंद्र नांदेडला आणि महाविद्यालय हिंगोलीला असणाऱ्या विद्यार्थ्याने हा अर्ज जानेवारी उजाडण्याची वाट न पाहता, प्रात्यक्षिकांचे गट जाहीर होताच तयार ठेवलेला बरा.